शेन ओ'डॉनल : एकोणिसाव्या वर्षी फायनलमध्ये तीन गोल, आणि त्यानंतरची वर्षं

एनिसकर

रग्बीच्या धाग्यावर दोघातिघांनी हर्लिंगबद्दल, म्हणजे आयर्लंडच्या काठी-चेंडूच्या खेळाबद्दल, लिहा म्हणून सांगितलं होतं. नियमांपासून सुरुवात केली तर निम्मे वाचक दुसऱ्या परिच्छेदातच निघून जातील, म्हणून एका माणसापासून सुरुवात करतो. नियम मध्ये मध्ये येतीलच.

शेन ओ'डॉनल. जन्म जून 1994, गाव एनिस, काउंटी क्लेअर, क्लब एअरा ओग. आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदी जिथे समुद्राला मिळते तिथली ही काउंटी. हर्लिंगचं वेड पूर्वापार, पण यश फार थोडं. ऑल-आयर्लंड म्हणजे या खेळातलं सर्वोच्च अजिंक्यपद. क्लेअरने ते 1914 साली जिंकलं आणि त्यानंतर थेट 1995 साली. मधली 81 वर्षं कोरडी. 1997 साली पुन्हा जिंकलं. शेन तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याच्या पिढीची मुलं 95 आणि 97 च्या गोष्टी ऐकतच मोठी झाली. इथे चहाच्या टपरीसारखी जागा म्हणजे पब, आणि एनिसच्या पबमध्ये त्या दोन वर्षांचे फोटो अजून भिंतीवर आहेत.

आता 2013. क्लेअरचा मॅनेजर डेव्ही फिट्झगेराल्ड. 95 आणि 97 च्या संघाचा गोलकीपर हाच. त्याच्या हाताखाली विशीच्या आतबाहेरची मुलं होती: टोनी केली, पॉज कॉलिन्स, कॉल्म गॅल्विन, डेव्हिड मॅकिनर्नी. क्लेअरच्या 21 वर्षांखालच्या संघाने 2012 साली ऑल-आयर्लंड जिंकलं होतं, पुढे 2013 आणि 2014 लाही जिंकलं. म्हणजे पीक जोमदार आलेलं होतं, फक्त मोठ्यांच्या मैदानात ते टिकेल का एवढाच प्रश्न होता.

8 सप्टेंबर 2013 ला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये फायनल झाली, समोर कॉर्क. क्लेअर जवळजवळ सगळा वेळ पुढे होतं आणि शेवटच्या क्षणी पॅट हॉर्गनने कॉर्कला एका गुणाने पुढे नेलं. संपलंच होतं सगळं. तेवढ्यात क्लेअरचा कोपऱ्यातला बचावपटू डॉनल ओ'डोनोव्हन वर आला आणि त्याने बरोबरी साधली. चॅम्पियनशिपमधला त्याचा तो पहिलाच पॉइंट. क्लेअर 0-25, कॉर्क 3-16. सामना बरोबरीत, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा फायनल.

मधल्या शनिवारी, 14 सप्टेंबरला, याच क्लेअरच्या मुलांनी 21 वर्षांखालच्या ऑल-आयर्लंड फायनलमध्ये अँट्रिमला 2-28 विरुद्ध 0-12 असं झोडपलं. काही जणांच्या वाट्याला 20 दिवसांत तीन फायनल आल्या!

28 सप्टेंबर, शनिवारची संध्याकाळ, क्रोक पार्कचे दिवे लागलेले. पहिल्या सामन्यात शेन सुरुवातीच्या पंधरात नव्हता. या वेळी त्याला खेळवायचं हे डेव्हीने ठरवलं होतं, पण पोराला सांगितलं ते सामना सुरू व्हायच्या काही तास आधी. रात्रभर विचार करत बसू नये म्हणून. उंचापुऱ्या डॅरक होननच्या जागी हा सडपातळ मुलगा आत आला.

पहिल्या 19 मिनिटांत तीन गोल. मग तीन पॉइंट. एकूण 3-3.

ते गोल मी रेकॉर्डिंगवर पुन्हा पुन्हा बघतो. तिन्हींत त्याची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे चेंडू हातात आल्यावरची पहिली दोन पावलं. बचावपटू त्याच्या खांद्याला चिकटलेला असतो, चेंडू येतो, शेन तो घेऊन जागच्या जागी वळतो, आणि बचावपटूच्या लक्षात येईपर्यंत याचं तोंड गोलकडे असतं. हर्लिंगमध्ये चेंडू हातात धरून चारच पावलं टाकता येतात. चौथ्या पावलाच्या आत मारायचा, नाहीतर काठीवर घ्यायचा. तो चार पावलांपर्यंत जातच नाही. बहुतेक फॉरवर्ड चेंडू मिळाला की आधी अंतर मोजतात, हा आधी वळतो.

कॉर्क मागे हटणारं नव्हतंच, पुन्हा पुन्हा अंगावर येत राहिलं. पण क्लेअर 5-16, कॉर्क 3-16. शेवटचा गोल कोणाचा? बदली म्हणून आलेल्या डॅरक होननचा. ज्याची जागा गेली त्यानेच दार लावलं, ही मला त्या सामन्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. शेन सामनावीर. बाहेर आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले.

आणि माझा खरा विषय इथून सुरू होतो. एकोणिसाव्या वर्षी हे झालं की पुढे काय? शेनने पुढच्या दहा वर्षांत जे केलं ते मला त्या तीन गोलांपेक्षा मोठं वाटतं. पण आधी तुमचं ऐकू द्या.

---

पोटोबा

वाचतोय. लेखन आवडलं. पण ते 5-16 आणि 0-25 काय प्रकरण आहे? पंचवीस विरुद्ध एकोणीस म्हणजे बरोबरी कशी?

---

एनिसकर

@पोटोबा, गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. आडव्या दांडीखालून जाळीत गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला की पॉइंट, त्याचा एक. 3-16 म्हणजे तीन गोल आणि सोळा पॉइंट, एकूण 25 गुण. 0-25 म्हणजेही 25. बरोबरी.

आता गंमत बघा. कॉर्कने दोन्ही सामन्यांत 3-16 च केले, एक गुण कमी नाही की जास्त नाही. क्लेअरने पहिल्या सामन्यात एकही गोल केला नाही, दुसऱ्यात पाच. फरक पडला तो एवढाच, आणि त्यातले तीन एकट्या शेनचे.

बाकी थोडक्यात: एका बाजूला पंधरा खेळाडू, सत्तर मिनिटं, मैदान लांबीला 130 ते 145 मीटर. काठी म्हणजे हर्ली, ॲश झाडाच्या लाकडाची. चेंडू म्हणजे स्लिटर, आत बुचाचं लाकूड आणि वर शिवलेलं चामडं. हातात धरता येतो, जमिनीवर मारता येतो, हवेतल्या हवेत मारता येतो, आणि काठीच्या पात्यावर तोलून पळता येतं. आपल्या लिंबू-चमच्यासारखं, फक्त मागे तीन माणसं काठ्या घेऊन लागलेली असतात.

---

मृण्मयी_कॉर्क

एनिसकर, छान लिहिलंयत, पण मी कॉर्कमध्ये राहते, त्यामुळे ही गोष्ट मला वेगळीच दिसते.

तुम्ही हॉर्गनचा उल्लेख एका ओळीत केलात. त्या पॉइंटनंतर आणखी अर्धं मिनिट निघालं असतं तर 2013 चं ऑल-आयर्लंड कॉर्कचं होतं, आणि शेन ओ'डॉनल हे नाव क्लेअरच्या बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. पॅट हॉर्गन त्यानंतरही बारा वर्षं खेळला. 2013, 2021, 2024, 2025, चार फायनल हरला. चॅम्पियनशिपच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा खेळाडू झाला आणि 2025 साली ऑल-आयर्लंडच्या पदकाशिवाय निवृत्त झाला. कॉर्कने 2005 नंतर लिअम मॅकार्थी चषक, म्हणजे ऑल-आयर्लंडचा चषक, उचललेला नाही. इथे हे किती लागतं ते सांगून समजणार नाही. माझे शेजारी सत्तरीचे आहेत. 2025 च्या फायनलला कॉर्क मध्यंतराला सहा गुणांनी पुढे होतं, आणि दुसऱ्या अर्धात संघाने केले फक्त दोन पॉइंट. ते गृहस्थ आठवडाभर बागेत दिसले नाहीत.

दुसरी गोष्ट, 2013 चा विषय निघाला आणि अँथनी नॅशचं नाव नाही असं कसं चालेल? कॉर्कचा गोलकीपर. फ्री (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका) मिळाली की आपला गोल सोडून अख्खं मैदान ओलांडून पुढे यायचा. काठीने चेंडू असा उचलायचा की तो पाचसहा मीटर पुढे जाऊन हवेत लटकायचा, आणि हा पळत जाऊन तिथून फटका हाणायचा. वीस मीटरवरची फ्री तेरा-चौदा मीटरवरून मारल्यासारखी व्हायची. समोर क्लेअरचा जवळजवळ अख्खा संघ गोलरेषेवर भिंत करून उभा. दोन्ही फायनलमध्ये त्याने गोल केला. पुढे त्याच्यामुळेच नियम बदलावा लागला. शेनच्या तीन गोलांइतकंच तेही त्या सप्टेंबरचं चित्र आहे.

पण एक मान्य करते. शेन तेव्हा शिकत कुठे होता? कॉर्कलाच, युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कमध्ये, जनुकशास्त्र. शनिवारी कॉर्कला तीन गोल घालून पोरगा कॉर्कच्याच वर्गात परत. शहराने त्याला त्रास दिला नाही, कौतुकच केलं. हा या खेळाचा मोठेपणा आहे.

---

गॉलवेचा_वारा

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. एका सामन्यावरून 'कारकिर्दीची सुरुवात' मोजायची झाली, तर एकोणिसाव्या वर्षाचा माझा माणूस जो कॅनिंग आहे.

पोर्टम्ना हे गॉलवे काउंटीच्या पूर्वेचं छोटं गाव. जो कॅनिंगचा जन्म ऑक्टोबर 1988. मोठा भाऊ ऑली गॉलवेचा नावाजलेला बचावपटू. जो पंधरासोळा वर्षांचा असताना मायनर, म्हणजे 18 वर्षांखालच्या, संघाबरोबर 2004 आणि 2005 ची ऑल-आयर्लंड पदकं मिळवून बसला होता. 2006 साली पोर्टम्ना क्लब ऑल-आयर्लंड क्लब विजेता झाला तेव्हा हा सतरा वर्षांचा पोरगा मोठ्या माणसांत खेळत होता. 2007 ला 21 वर्षांखालचं ऑल-आयर्लंड. 2008 ला पुन्हा क्लबचं. म्हणजे वरिष्ठ काउंटी संघात चॅम्पियनशिपचं पहिलं पाऊल टाकायच्या आधी याच्याकडे इतकी पदकं होती की कित्येकांना आयुष्यभरात मिळत नाहीत.

आणि मग जुलै 2008, थर्ल्स, गॉलवे विरुद्ध कॉर्क. गॉलवेने एकूण 2-15 केले. त्यातले जो कॅनिंगचे किती? 2-12. पुन्हा वाचा, पूर्ण संघाचे 2-15 आणि एकट्याचे 2-12. वय एकोणीस. समोर गोलकीपर डोनल ओग क्युसॅकला पंचांनी बाहेर काढल्यावर चौदा जणांनी खेळणारं कॉर्क. आणि तरी गॉलवे 0-23 विरुद्ध 2-15 असं हरलं! गॉलवेचा मॅनेजर तेव्हा कोण होता? गेर लॉकनन. क्लेअरला 95 आणि 97 जिंकून देणारा तोच.

शेनला पहिल्याच हंगामात सगळं मिळालं. जोला सगळं येत असूनही चषकासाठी 2017 पर्यंत थांबावं लागलं. 2012 च्या फायनलमध्ये किलकेनीविरुद्ध शेवटच्या क्षणाची बरोबरीची फ्री त्याने मारली, आणि दुसऱ्या सामन्यात हरले. 2015 ला पुन्हा फायनल, पुन्हा पराभव. 2017 च्या उपांत्य सामन्यात टिपररीविरुद्ध भरपाईच्या शेवटच्या मिनिटांत टचलाइनजवळून मारलेला तो पॉइंट ज्याने पाहिलाय तो विसरणार नाही. त्या वर्षी मग वॉटरफर्डला हरवून चषक आला, 0-26 विरुद्ध 2-17.

म्हणून विचारतो, तरुण खेळाडूच्या सुरुवातीची परीक्षा कशात? वर्षानुवर्षं सगळ्या वयोगटांत सिद्ध होत येण्यात, की एका संध्याकाळी 19 मिनिटांत उजळण्यात?

---

दादर_टीटी

गॉलवेचा_वारा, +1. 2-15 पैकी 2-12 हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

एक शंका: या मुलांना पैसे किती मिळतात? एवढं खेळल्यावर कोणीतरी मोठ्या काउंटीने उचललं नसतं का?

---

एनिसकर

@दादर_टीटी, पगार नाही. शून्य. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन 1884 साली थर्ल्सच्या एका हॉटेलात स्थापन झाली तेव्हापासून खेळ हौशी आहे. प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडं अनुदान असतं, जाहिरातीतून काहींना थोडंफार सुटतं. फायनलला क्रोक पार्कमध्ये 82 हजार लोक बसतात आणि त्या मैदानावरचा मुलगा सोमवारी शाळेत शिकवायला जातो. टोनी केली शिक्षकच आहे. 2013 साली वर्षातला सर्वोत्तम हर्लर आणि सर्वोत्तम तरुण हर्लर, दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी त्याला मिळाले होते!

आणि 'उचलणं' हा प्रकारच नाही. ज्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या परिसरात) वाढलास त्या पॅरिशचा क्लब, ज्या काउंटीत क्लब ती काउंटी. लिलाव नाही, बाजार नाही. म्हणून तर जो कॅनिंगला 2017 पर्यंत थांबावं लागलं. तो किलकेनीला गेला असता तर पदकांची रास लागली असती, पण असा विचार इथे कोणाच्या मनातही येत नाही.

@गॉलवेचा_वारा, तुमचा प्रश्न मला आवडला आणि मी त्यात बाजू घेणार आहे. जो कॅनिंगची तयारी सगळ्यांना दिसत होती. तो येणार हे चार वर्षं आधी माहीत होतं. म्हणजे त्याला स्वतःलाही सवय व्हायला वेळ मिळाला. लोकांच्या नजरेखाली वाढला तो. शेनचं तसं नव्हतं. सकाळी राखीव, रात्री देशातला सगळ्यात प्रसिद्ध एकोणीस वर्षांचा मुलगा.

एनिसला संघ परत आला तेव्हाची गर्दी, पोरापोरींचा गराडा, रस्त्यात थांबवणं, फोटो. त्याने नंतरच्या मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे की ते सगळं त्याला नकोसं झालं होतं. संकोची स्वभावाच्या माणसाला असं झालं तर तो दोनपैकी एक करतो. एक तर त्या प्रतिमेच्या मागे धावतो, नाहीतर खेळ सोडतो. शेनने दोन्ही केलं नाही. तो अभ्यासाला लागला. पदवी घेतली, मग कॉर्कलाच सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हार्वर्डला संशोधन. हर्लिंग चालूच, पण आयुष्यातली एकच गोष्ट म्हणून नाही.

आणि मैदानावर? 2014 ला क्लेअर गतविजेते म्हणून उतरले आणि मन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत कॉर्कनेच हरवलं. मग वेक्सफर्डशी एनिसला बरोबरी, आणि वेक्सफर्डच्या मैदानावर जादा वेळेत पराभव. हंगाम संपला. 2024 पर्यंत क्लेअरला ऑल-आयर्लंडची फायनल दिसली नाही. दर उन्हाळ्यात कोणीतरी म्हणायचं, ओ'डॉनलचा तो एकच सामना होता. 2013 च्या ऑल-स्टार संघातही त्याचं नाव नव्हतं, कारण तो संघ वर्षभराच्या खेळावर निवडतात. मला तो निर्णय योग्यच वाटतो.

---

शिवथर

'दोन्ही केलं नाही, अभ्यासाला लागला' हे वाक्य माझ्या मुलाला वाचून दाखवलं. तो 16 वर्षांचा आहे, इथे पुण्यात जिल्हा पातळीवर हॉकी खेळतो. त्याने विचारलं, मग तीन गोलांची तयारी त्याने कधी केली? मला उत्तर देता आलं नाही. कोणी सांगेल का की इथली मुलं नेमकी कधीपासून आणि कशी शिकतात?

---

स्वरूपा_लिमरिक

शिवथर दादा, हे मी सांगू शकते, कारण माझी मुलगी इथे कमोगी (मुलींचं हर्लिंग) खेळते आणि मुलगा हर्लिंग.

शनिवारी सकाळी क्लबच्या मैदानावर पाच वर्षांची मुलं येतात. डोक्यावर हेल्मेट, हातात त्यांच्या उंचीप्रमाणे छोटी हर्ली. मुलाच्या कमरेच्या हाडापर्यंत येईल अशी मापून घ्यायची असते. पहिले काही महिने फक्त एकच गोष्ट: जमिनीवरचा चेंडू काठीच्या पात्याने उचलून हातात घेणं. दिसायला सोपं, पण मनगट आणि गुडघा एकाच वेळी वळावे लागतात. शिकवणारे सगळे आई-बाबा, कोणी गवंडी, कोणी बँकेत. पैसे कोणालाच नाहीत. पावसात उभे राहतात. मीही आता चेंडू गोळा करून देते.

आणि भिंत. इथल्या बहुतेक क्लबांत एक उंच काँक्रीटची भिंत असते, तिच्यावर मुलं तासन् तास चेंडू मारतात. एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या. चेंडू परत येतो तो कधी उंच, कधी वाकडा, तो हवेतच मारायचा. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते ही भिंत आहे. ते वळणं, ती पहिली दोन पावलं, ती दहाव्या-बाराव्या वर्षी अंगात मुरलेली असतात.

हर्लीचं मला फार कौतुक वाटतं म्हणून लिहिते. ॲशच्या झाडाचा बुंधा जिथे मुळांकडे वळतो तो भाग घेतात. लाकडाचे धागे तिथे निसर्गतःच वाकलेले असतात, आणि तोच बाक पात्याला मिळतो. सरळ फळीतून कापली तर पातं पहिल्याच टकरीत फाटतं. पात्याच्या टोकाला पातळ पत्र्याची पट्टी ठोकलेली असते. मुलाची काठी तडकली की आम्ही गावातल्या हर्ली बनवणाऱ्या आजोबांकडे नेतो. ते आधी हातात धरून वजन बघतात, मग कानाशी नेऊन बोटाने टकटक करतात. आवाज बसका आला तर म्हणतात, आता ही दुरुस्त होणार नाही. 2012 मध्ये आयर्लंडमध्ये ॲशच्या झाडांना मर रोग आल्याचं सापडलं, तेव्हापासून चांगलं लाकूड दुर्मिळ होत चाललंय. बरेच जण आता बांबूच्या किंवा कृत्रिम काठ्या वापरतात. आजोबांना त्या आवडत नाहीत, पण मुलांना चालतात.

---

डॉ_मीनल

धागा फार आवडला. माझं काम मेंदूच्या दुखापतींशी संबंधित आहे, म्हणून एक गोष्ट इथे जोडते. एनिसकरांनी दहा वर्षं म्हटलं, पण त्यातलं 2021 राहिलं.

त्या उन्हाळ्यात सरावात शेनच्या डोक्याला मार लागला आणि त्याचा उरलेला हंगाम गेला. कन्कशन. लक्षणं बराच काळ राहिली. त्याने त्याबद्दल जाहीरपणे सांगितलं, आपण पुन्हा खेळू की नाही हेही माहीत नव्हतं असं सांगितलं. खेळाडू असं सहसा बोलत नाहीत. 'थोडं गरगरतंय' म्हणून मैदानात राहतात.

हर्लिंगमध्ये 2010 पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे. त्याने डोळे, दात, कवटी वाचतात, आणि ते फार मोठं काम आहे. पण कन्कशन म्हणजे कवटीच्या आत मेंदू हलणं. ते हेल्मेटने थांबत नाही. स्वरूपाताई, तुमच्या मुलांच्या बाबतीत म्हणून सांगते: टक्कर झाली आणि मूल गप्प झालं, उजेड नको म्हणालं, तेच तेच विचारू लागलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. पोरगं रडलं तरी नाही. शेनसारखा माणूस उरलेला हंगाम बाहेर बसू शकतो तर आपलं पोर एक शनिवार बसू शकतं.

---

स्वरूपा_लिमरिक

मीनलताई, खूप आभार. हे आमच्या क्लबच्या पालकांच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहून टाकते.

---

गॉलवेचा_वारा

एनिसकर, तुम्ही म्हणता तसं असेल तर 2013 चा शेन आणि 2024 चा शेन हे दोन वेगळे खेळाडू आहेत. त्याबद्दल लिहा ना. कॅनिंगपुढे मी त्याला अजूनही ठेवणार नाही, पण ऐकायला तयार आहे.

---

एनिसकर

हो, तेच लिहायचं होतं, मीनलताईंनी वाट करून दिली.

2013 चा शेन गोलपुढे उभा असायचा. चेंडू त्याच्याकडे यायचा, तो वळायचा, मारायचा. दुखापतीनंतर 2022 ला परतला तो मॅनेजर ब्रायन लोहनच्या संघात. लोहनही 95 आणि 97 मधलाच, लाल हेल्मेटवाला बचावपटू. त्याच्या संघात शेन गोलपासून लांब, अर्ध्या रेषेकडे खेळू लागला. तिथे काम निराळं. हवेतून येणारा चेंडू चार काठ्यांच्या गर्दीत पकडायचा, दोघांना अंगावर घ्यायचं, आणि स्वतः मारायच्या ऐवजी मोकळ्या माणसाला द्यायचा. स्वतःच्या नावावर गुण कमी, पण क्लेअरच्या हल्ल्याची सुरुवात बघा, दहापैकी निम्म्या वेळा चेंडू आधी त्याच्या हातातून गेलेला असतो. त्याची फाउल काढायची हातोटी तर विलक्षण. पहिली दोन पावलं तीच आहेत, फक्त आता ती गोलकडे न जाता गर्दीत शिरतात.

21 जुलै 2024, क्रोक पार्क, पुन्हा क्लेअर आणि कॉर्क. जादा वेळेनंतर क्लेअर 3-29, कॉर्क 1-34. एका गुणाने. मैदानावर 2013 मधले मोजके शिल्लक होते: कर्णधार टोनी केली, डेव्हिड मॅकिनर्नी, जॉन कॉनलन (2013 ला फॉरवर्ड, 2024 ला बचावाचा कणा, त्याच्यावर वेगळा धागा होईल) आणि शेन. त्या दिवशी डोळे दिपवणारा गोल टोनी केलीचा होता. पण वर्षाचा सर्वोत्तम हर्लर म्हणून निवड झाली शेन ओ'डॉनलची. ही निवड खेळाडूच मतदान करून करतात. ज्या बचावपटूंनी वर्षभर त्याला अडवायचा प्रयत्न केला त्यांनीच दिलेलं ते मत.

एकोणिसाव्या वर्षी तीन गोल करणाऱ्याला तो पुरस्कार तिसाव्या वर्षी मिळाला, तो गोल न करण्याच्या कामासाठी. गॉलवेचा_वारा, कॅनिंग मोठा की शेन, यात मला पडायचं नाही. कॅनिंगसारखा चेंडू कोणी मारला नाही, हे क्लेअरचा माणूसही सांगेल. पण 19 व्या वर्षी स्वतःबद्दल जे ठरलं गेलं ते बाजूला ठेवून दुसरा खेळाडू होणं, हे मी फार थोड्यांच्या बाबतीत पाहिलंय. हर्लिंगमध्येच नाही, क्रिकेटमध्येही.

---

मृण्मयी_कॉर्क

कॉर्कला दोनदा बुडवणारा तोच माणूस, आणि तरी त्याचा राग येत नाही. 2024 ला माझे शेजारी म्हणाले होते, निदान चांगल्या माणसाने हरवलं.

---

पोटोबा

2013 चा दुसरा सामना काल रात्री पूर्ण बघितला. दुसऱ्या गोलला रेकॉर्डिंग सात-आठ वेळा मागे नेलं. एनिसकरांनी सांगितलेलं वळणं आता डोळ्याला दिसायला लागलंय. नॅशची फ्रीही बघितली. गोलरेषेवर उभ्या असलेल्या त्या पोरांच्या छातीला सलाम!

प्रश्न: पुढच्या महिन्यात कामानिमित्त डब्लिनला येतोय, एक शनिवार-रविवार मोकळा आहे. प्रत्यक्ष सामना बघायला मिळेल का? क्रोक पार्कच हवं असं नाही.

---

एनिसकर

नक्की या, आणि क्रोक पार्क नकोच. एप्रिल-मे-जून म्हणजे मन्स्टर चॅम्पियनशिप. डब्लिनहून लिमरिकमार्गे एनिसची गाडी आहे, स्टेशनपासून क्युसॅक पार्क चालत जाण्याच्या अंतरावर. तिकीट आधी ऑनलाइन घ्या, गेटवर मिळत नाही. बसायचं न घेता टेरेसचं, म्हणजे उभं राहायचं घ्या, गोलच्या मागचं. काठ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज टीव्हीवर येत नाही, तिथे येतो. रेनकोट आणा, छत्री उघडू देत नाहीत. कॉर्कचा सामना असला तर मृण्मयीताईही येतील, लाल शर्टात. तारखा व्यक्तिगत निरोपाने कळवा, जेवायला घरी.

---

मृण्मयी_कॉर्क

येणारच. आणि कॉर्क जिंकलं तर जेवण तुमच्याकडे नाही, माझ्याकडून बाहेर.